तेरा टक् आणि एक वीट

२०२४च्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकातून आवाज यायला लागला. खळ्ळ. थोडं थांबून पुन्हा खळ्ळ. वेग घेतला की बंद, सोसायटीच्या रॅम्पवरून बेसमेंटात उतरताना अगदी स्पष्ट. डिकी रिकामी करून झाली, स्टेपनीजवळचा पाना चिंधीत गुंडाळून झाला, तरी आवाज आहेच. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, आपल्या चाकात कुणीतरी पैशांचा गल्ला ठेवलाय." पुढे बसलेले बाबा काही बोलले नाहीत. मी गाडी जागेवर लावली, ऑटोमॅटिक गिअरचा दांडा 'पी'त, म्हणजे पार्किंगला टाकला, चावी काढली. तेव्हा ते म्हणाले, "हँडब्रेक?"

"बाबा, पी आहे ना."

बाबा आमच्याकडे राहायला आल्यापासून हा संवाद रोजचाच. ठाण्याच्या नौपाड्यातली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हापासून ते पोखरण रोडला आमच्याजवळ आहेत. वय ब्याऐंशी. मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी कल्याणला धरून, त्यातली निम्मी कसारा घाटात. २०२२च्या जानेवारीत रेल्वेनं गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा पेपर खाली ठेवून म्हणाले, "वीस वर्षं झाली रिटायर होऊन, आता मॅनेजर झालो."

गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यातला माणूस. इंजिन पुढे, माणसं पुढे, आणि हा एकटा मागे ब्रेकव्हॅनमध्ये, त्याचा तो पत्र्याचा लाइन बॉक्स, कंदील आणि हातानं फिरवायच्या ब्रेकचं चाक. घरी असले तरी त्यांची नजर मागेच असते. झोपण्याआधी गॅसची कळ, दाराची कडी, गच्चीचं कुलूप. लहानपणी आम्हाला हा छळ वाटायचा. आता मीही कळ बघते, पण त्यांचं बघून झाल्यावर, म्हणजे ती बंदच असते.

'पी' म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. व्हीजेटीआयमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मग पंचवीस वर्षं एसीच्या डक्टची एस्टिमेटं करत बसले, पण एवढं लक्षात आहे. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चाक असतं. पी टाकलं की एक छोटी लोखंडी खिट्टी त्याच्या खाचेत पडते. बस्स. उतारावर दीड टनाची गाडी त्या खिट्टीला टांगलेली राहते. सकाळी दांडा पीमधून काढताना जो 'धाड्' आवाज होतो, तो त्या खिट्टीचा. खरा क्रम असा की पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, पाय सोडायचा, गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्यायचा, आणि मग पी. मी फक्त शेवटचं करत होते.

दोष पावसाचा. आपल्याकडे पावसाळ्यात हँडब्रेक लावून गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवली की आतले शू, म्हणजे ब्रेकच्या कमानदार पट्ट्या, गंजून ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, चिकटतात. मग निघताना 'टण्ण' करून सुटतात, कधी सुटतही नाहीत. म्हणून जो तो सांगतो, पावसात हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवा. सल्ला चुकीचा नाही. मी तो २०१९च्या जूनमध्ये घेतला आणि ऑक्टोबरात परत करायला विसरले.

बाबांना एकदाचं गप्प करावं म्हणून मी मोटार वाहन कायदा उघडला. १९८८चा कायदा, कलम १२६. सार्वजनिक जागी गाडी उभी करून जायचं तर एकतर चालकाच्या जागी परवानाधारक माणूस बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा असा काही इतर उपाय केलेला हवा की चालक नसताना गाडी आपोआप हलणार नाही. "बघा," मी म्हटलं, "इतर उपाय चालतो. पी म्हणजे इतर उपाय." बाबांनी चष्मा लावून मोबाइलवर ते दोनदा वाचलं. म्हणाले, "इतर उपाय म्हणजे दगड."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेकॅनिकनं चाक हातानं फिरवलं, कान लावला आणि निदान केलं, "लायनर सुटलाय आत." लायनर म्हणजे शूवरचा, ड्रमला घासणारा थर.

आता हे आत म्हणजे कुठे? वॅगनआर किंवा अल्टोसारख्या गाड्यांना मागे ड्रमच असतो. पायातला ब्रेक आणि हातातला ब्रेक, दोन्ही तेच शू पसरवतात. आमची गाडी २००८ची, जरा अंगानं मोठी, तिला चारही चाकांना डिस्क. पण मागच्या डिस्कचा मधला भाग टोपीसारखा वर आलेला आणि आतून पोकळ असतो. त्या टोपीत एक छोटा ड्रम ब्रेक बसवलेला असतो, तो फक्त हँडब्रेकसाठी. पायानं ब्रेक कितीही दाबा, या शूंना त्याचा पत्ता नसतो. गाडी थांबली, माणसं उतरली, की यांची ड्युटी सुरू.

आणि हे शू झिजत नाहीत. झिजायला घासावं लागतं, आणि यांची गाठ पडते ती आधीच थांबलेल्या ड्रमशी. मग खराब कशानं होतात? पडून राहून. केबल आतल्या आत अडकते, स्प्रिंगा गंजतात, लायनर पत्र्यापासून सुटतो. आमचा हँडब्रेक पूर्वी सात टक्-टक्मध्ये धरायचा, तो तेरावर गेला होता. हे मला माहीतच नव्हतं, कारण ओढून कोण बघतंय? बाबा शेजारच्या सीटवर बसून मोजत होते.

सर्व्हिस सेंटरचा आकडा ऐकून मी फोन ठेवला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, डोक्याला ताप कशाला? चारी शू काढून टाकतो. आवाज बंद, खर्च शून्य. पी आहे की."

मी 'बरं' म्हणणारच होते. हे मी लपवत नाही. पण आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कसंतरी होतं. शिवाय गाडीत बाबा होते, आणि त्याच वर्षीचा फेब्रुवारी आमच्या घरात अजून ताजा होता. २५ फेब्रुवारीला जम्मूतल्या कठुआ स्टेशनात उभी असलेली त्रेपन्न वाघिणींची मालगाडी चालकाशिवाय उताराला लागली आणि सत्तर किलोमीटरहून जास्त पळत सुटली. पंजाबात उंची बस्सीजवळ रुळांवर लाकडी ठोकळे टाकून ती थांबवली. बाबांनी त्या दिवशी जेवण टीव्हीसमोर केलं. गाडी थांबल्याचं कळल्यावर टीव्ही बंद करून एवढंच बोलले, "कुणीतरी म्हटलं असेल, हवा आहे ना."

हवा म्हणजे एअरब्रेक. इंजिन जोडलेलं असतं तोवर हवेचा दाब चाकं धरून ठेवतो. पण हवा गळते. पाइपांचे सांधे, रबरी वायसर, कुठून ना कुठून गळतेच, आणि काही तासांत ब्रेक आपोआप सैल होतात. म्हणून यार्डात गाडी सोडून जाताना वाघिणींचे हँडब्रेक एकेक करून हातानं कसायचे, चाकांना साखळी घालून कुलूप लावायचं, पुढे लाकडी ठोकळे सारायचे. थंडीत इगतपुरीला रात्री दोन वाजता, लोखंडी चाक उघड्या हातांनी. कसारा ते इगतपुरी चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर गेलं की एक मीटर वर. चढताना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, आणि उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर तिला वळवून घ्यायला डोंगराच्या अंगाला कॅच सायडिंग काढून ठेवलेली आहेत. अशा जागी निम्मी नोकरी काढलेल्या माणसाला 'पी आहे ना' सांगून काय होणार?

मोटारीचंही तेच आहे. पायातला ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. तो दाब आपला पाय धरून असतो तोवरच. म्हणून साध्या ओढायच्या हँडब्रेकला तेल नाही, हवा नाही. दांडा, तार, शू. एकदा ओढला की खाचेत बसतो आणि कुणी सोडेपर्यंत धरून राहतो.

"मीच बदलते," मी मेकॅनिकला म्हटलं. त्यानं आधी माझ्याकडे, मग सवयीनं गाडीत कोणी पुरुष आहे का म्हणून आत बघितलं. आत बाबा होते. त्यांनी मान डोलावली. नवरा गाडी चालवत नाही, त्याचा प्रश्नच नव्हता.

शू लगेच मिळाले. फिटिंगचा किट, म्हणजे स्प्रिंगा, पिना, त्यांच्यावरच्या वाट्या, ॲडजस्टर, मिळायला तीन आठवडे गेले. जो तो म्हणायचा, "स्प्रिंगा जुन्याच टाका, त्यांना काय होतंय." पण सोळा वर्षांची स्प्रिंग तिच्या मूळच्या ताणावर असेल असं कुणी सांगावं? आणि शूला जागेवर उभा धरून ठेवणारी पीन असते खिळ्याएवढी. ती गंजून तुटली तर नवा कोरा शूही आत लोळणार.

सोसायटीच्या नियमात पार्किंगमध्ये दुरुस्ती बसत नाही. सेक्रेटरी रविवारी सकाळी येऊरला चालायला जातात, तेवढ्या वेळात उरकायचं ठरलं. बेसमेंटात लिफ्टजवळ सपाट जागा आहे, तिथे गाडी घेतली. बाबा प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. मागची बाजू उचलायची म्हणजे हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून पुढच्या चाकांना काहीतरी लावणं भाग होतं. "दगडबिगड आहे का हो?" असं मी वॉचमनदादांना विचारलं. ते खांबामागे गेले आणि एक अख्खी आणि एक अर्धी वीट घेऊन आले. अर्धी माझ्या ओळखीची होती. एका बाजूला निळा ऑइल पेंट लागलेली. सकाळी गाडी काढायला आले की ती कित्येकदा माझ्या मागच्या चाकाजवळ असायची. पेंटरलोक कुठेही टाकतात म्हणून मी पायानं बाजूला सारायचे.

"ही इथेच पडलेली असते," मी म्हटलं.

"पडलेली नसते मॅडम, लावतो ना. तुम्ही वर गेल्या की लावतो रोज. आजोबांनी सांगून ठेवलंय."

मी बाबांकडे बघितलं. ते नट मोजत होते. पाचच नट, पण मोजत होते.

चाक निघालं. कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट काढून तो तारेनं स्प्रिंगला टांगला, म्हणजे त्याच्या नळीवर ताण येत नाही. डिस्क धरून ठेवणारे दोन चपट्या डोक्यांचे स्क्रू असतात, आणि ते बनवणाऱ्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं डोकं सोलवटतं. त्याला हातोड्याचा घाव बसला की थोडा फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, तो मेकॅनिकनं उसना दिला होता, "परत आणा हं ताई" असं चारदा बजावून. एक स्क्रू आला, दुसऱ्याचं डोकं ड्रिलनं उडवावं लागलं. मग डिस्कच्या टोपीतलं रबरी बूच काढून त्या भोकातून ॲडजस्टरचं दातेरी चाक सैल केलं, डिस्कमधल्या आट्यांत दोन बोल्ट घालून आळीपाळीनं आवळले, आणि डिस्क 'ठप्प' करून सुटली. तिच्याबरोबर एक कमानीच्या आकाराचा तुकडा पायाशी पडला.

तो लायनर होता. अख्खा. कोपरा थोडा तुटलेला, बाकी वरची बाजू जवळजवळ कोरी. शूवर तो डिंकानं चिकटवलेला असतो. त्याच्या पाठीला आणि शूच्या पत्र्याला दोन्हीकडे गंजाचे पापुद्रे होते, शिळ्या खारीसारखे, नखानं सुटणारे. कडेनं पाणी शिरलं, पत्रा गंजला, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. त्याला जागा नव्हती, त्यानं लायनर ढकलून ती केली.

बाबांनी तो तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "आपल्या बिल्डिंगचे कॉलम असेच गेले," ते म्हणाले. खरंच होतं. नौपाड्यातल्या त्या इमारतीत स्ट्रक्चरल ऑडिटवाले आले तेव्हा त्यांनी जिन्याखालच्या कॉलमवर हातोडी मारली होती आणि काँक्रीटचा असाच एक पापुद्रा सळयांवरून निखळून खाली आला होता. आत सळई फुगलेली. त्या जिन्याखाली बाबांची सायकल असायची. ते काही वेळ तो लायनर धरून बसले. मी ब्रेक क्लीनर मारायला लागले, तसे म्हणाले, "फुंकू नको ती धूळ." मी फुंकत नव्हते. पण ते बोलायचेच होते.

स्प्रिंगांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. वरच्या दोन स्प्रिंगा दोन्ही शू मध्यभागी खेचून धरतात, आणि त्यांची आकडी खुंटीवर चढवायला खास चिमटा येतो. तो माझ्याकडे नव्हता. पकडीनं दोनदा निसटली, एकदा स्प्रिंग उडून शेजाऱ्यांच्या गाडीखाली गेली, आणि वॉचमनदादा झाडू घेऊन तिला शोधत बसले. शेवटी वर गेले आणि परकराचा नाडा घेऊन आले. दुहेरी करून आकडीत ओवला, टाचेनं जोर देऊन ओढला, आकडी बसली की नाडा एका बाजूनं सर्रकन काढून घेतला. व्हीजेटीआयमध्ये हे शिकवलेलं नाही.

शहाणपणा म्हणून मी एका वेळी एकच बाजू उघडली होती. अडलं तर दुसऱ्या बाजूला बघून लावता येतं. उजवं लावताना अडलं, डावं उघडून बघितलं, तसंच लावलं. अगदी तसंच. डावं चाक म्हणजे उजव्याचं आरशातलं रूप, हे एवढं सोपं गणित मला त्या क्षणी सुचलं नाही. ॲडजस्टर उलटा बसला. भोकातून दाते फिरवून शू घट्ट करत होते, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात सैल करत होते. सेक्रेटरी यायच्या आत सगळं बंद केलं, संध्याकाळी गाडी काढली, आणि कॅडबरी जंक्शनला पोचायच्या आत उजव्या चाकातून पुन्हा, खळ्ळ. ॲडजस्टरचे दोन तुकडे आत लोळत होते.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या आठवणीत ते इतके हसलेले नाहीत.

पुढचा रविवार. या वेळी स्क्रूंनी त्रास दिला नाही, नाडा खिशात होता. मागच्या पत्र्यावर शू जिथे टेकतात ते उंचवटे पॉलिश पेपरनं घासले, तिथे उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकानं लावलं, लायनरला लागू न देता. दाते फिरवत डिस्क पूर्ण अडकेपर्यंत नेली आणि मग आठ दाते मागे, दोन्हीकडे सारखे. सोमवारी पहाटे कोलशेतच्या मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात दांडा जेमतेम ओढून थोडं अंतर चालवली, थंड होऊ दिली, पुन्हा चालवली. नवा लायनर आणि जुना ड्रम यांची ओळख व्हायला एवढं लागतं.

मग रॅम्प. अर्ध्यात थांबले. न्यूट्रल. दांडा ओढला. बाबांचे ओठ हलत होते. टक्, टक्, टक्. सातव्याला हात घट्ट झाला. पाय ब्रेकवरून काढायचा होता. निघेना. दोन रविवार स्वतःच्या हातानं बसवलेल्या वस्तूवर एवढा अविश्वास असेल असं वाटलं नव्हतं. मग काढला.

गाडी बोटभर पुढे सरकली.

माझा पाय परत जायच्या आत ती थांबली. तेवढं सरकणं ठीकच असतं. शू ड्रमबरोबर किंचित फिरतात, खुंटीला टेकतात, आणि मग उलट अधिकच घट्ट धरतात. मला हे माहीत होतं, आणि तरी घशाला कोरड पडली होती. "बसला," बाबा म्हणाले आणि पट्टा काढायला लागले.

खाली पार्किंगमध्ये गाडी लावली. न्यूट्रल, हँडब्रेक, पाय सोडला, मग पी. दरवाजा लावून वळले तर वॉचमनदादा अर्धी वीट हातात घेऊन उभे.

"आता नको ना मॅडम? नवीन बसवलं म्हणे."

बाबा लिफ्टचं बटण दाबून बाणाकडे बघत उभे होते. लिफ्ट सातव्या मजल्यावर होती.

"लावा," मी म्हटलं.